फ्रिजची पाठ

त्या दिवशी दुकानात आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा किसन, सून सुलोचना, आणि सकाळच्या जीपनं वांगणीहून आलेली तुळशी, माझ्या दिराची लेक. पाचवा दुकानदार. त्यानं एका उंच फ्रिजचं दार उघडलं आणि माझ्या तोंडावर अशी गार झुळूक आली, जशी दाभोशाच्या धबधब्याच्या कड्याखाली उभं राहिलं की पाण्याच्या तुषारांची येते. आत पिवळा दिवा लागला. आत ठेवलेलं काहीच नव्हतं. एवढा उजेड, एवढा गारवा, आणि सगळं रिकामं! रिकाम्या घरात असा दिवा कोणी लावून ठेवतं का?

"आये, तुला कुठला आवडतो?" किसन म्हणाला.

मला का विचारतो, ते मला तवा कळलं नाय, आणि खरं सांगायचं तर आजपण पुरतं कळलेलं नाय. घरात एक फ्रिज होताच. त्यात दूध असायचं, भाजी असायची, सुलोचनाचं मळलेलं पीठ असायचं. हा दुसरा घ्यायचा होता तो शेडसाठी. आमचं घर जव्हारात, शिरपामाळच्या वाटेवर. किसन शाळेत मास्तर, पण त्यानं एक जुनी जीप घेऊन दाभोशाच्या वाटेला लावली होती, आणि ती जीप उभी करायला घराच्या बाजूला पत्र्याची शेड घातली होती. तो तिला गॅरेज म्हणतो. शिरपामाळावर महाराज थांबले होते म्हणतात, म्हणून लोक गाड्या घेऊन बघायला येतात. वर वारा खातात, फोटो काढतात, आणि उतरताना त्यांना तहान लागते. सुलोचनानं ते बरोबर हेरलं. शेडमध्ये फ्रिज, फ्रिजमध्ये पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. डोकं चालतं तिचं.

पण त्या शेडच्या कोपऱ्यात माझी चूल होती. घरात गॅस हाय, गॅसवरचा चहा मी पिते, नाक मुरडत नाय. तरी नागलीची भाकरी मला चुलीवरचीच लागायची. आणि भाकरी हे नुसतं निमित्त. चुलीच्या वर मी बांबूची मचाण बांधली होती, आणि मचाणीवर बी असायचं. माझं नाय, माझं आता शेत कुठलं! ते वांगणीच्या आमच्या पाड्याचं बी. भात झोडून झालं, दिवाळी झाली, की पाड्यावरची माणसं जगायला जातात. आमच्याकडं तसंच म्हणतात. कामाला जातात असं म्हणत नाय, जगायला जातात. भिवंडीकडं, वसईकडं, वीटभट्टीवर, रेतीवर. कुडाच्या घराला कुलूप ते काय लावणार! दाराला काट्या लावायच्या आणि निघायचं. भांडी डोक्यावर नेता येतात, कोंबड्या विकता येतात, पोरं काखेला मारता येतात. बियाचं काय करायचं? घरात ठेवलं तर ते उंदरांचं, बरोबर नेलं तर त्याचा भरवसा नाय. म्हणून ते माझ्याकडं यायचं, पेंढ्यात गच्च बांधलेल्या मुड्यांत, प्रत्येक घराची गाठ वेगळी. पावसाच्या आधी राब, म्हंजे रोपांचा तुकडा, भाजायला माणसं परतली की ज्याची मुडी त्याला जायची. मधल्या दिवसांत माझं काम एकच, चूल पेटवायची आणि धूर वर जाऊ द्यायचा. धुरानं मुडी काळी पडते, पण दाण्याला किडीचं पाखरू लागत नाय.

मीपण जगायला गेलेली हाय. किसन तवा चालता होता आणि धाकटी सगुणा काखेला. त्या काळी बी ठेवून घेणारं जव्हारात आमचं कोणी नव्हतं, सगळा पाडा आपापली मुडी भट्टीवर घेऊन जायचा. एका साली भर उन्हाळ्यात अवेळी पाऊस आला. शेट ओरडला, आम्ही सगळे कच्च्या विटा झाकायला धावलो, आणि आमची पालं राहिली उघडी. पाऊस गेला, विटा वाचल्या. मग पुढं एका सकाळी मी मुडी खाली काढली, तर पेंढ्याच्या फटीफटीतून कोंब बाहेर आलेले! पोपटी, कवळे, सुईच्या टोकासारखे. काय देखणं दिसत होतं ते! आणि आम्ही उभे भट्टीवर, पायाखाली राख, अवतीभवती विटा. बियाला काय ठाऊक कुठं उगवायचं आणि कुठं नाय? त्याला पाणी मिळालं, ते उगवलं. ते सगळं घरधन्यांनी भट्टीच्या गाढवांपुढं टाकलं.

सगळ्या पाड्याचं तसंच झालं होतं, मग कोण कोणाला देणार? लांबच्या गावाहून बी आणलं. ते निघालं गरवं, उशिरा पिकणारं. आमची शेतं उतारावर, तिथं हळवं भात लागतं, पाऊस जायच्या आत हाताला येणारं. पाऊस गेला आणि भात लोंबी बाहेर पडायच्या आत पोटरीतच वाळलं. त्या साली सगुणा गेली. तापानं गेली म्हणतात. पोटात काय नसलं की ताप जोर करतो, एवढं मला कळतं, बाकीचं डॉक्टरला ठाऊक. हे मी रडायला सांगत नाय. रडून झालंय. मुडी म्हंजे काय, तेवढं कळावं म्हणून सांगते.

तर त्या दिवशी आम्ही दुकानात फ्रिज बघत होतो, आणि बाहेर जीपमध्ये तुळशीनं आणलेल्या साऱ्या पाड्याच्या, चारही घरांच्या मुड्या ठेवलेल्या होत्या. मुड्या माझ्या हवाली करून तुळशी नवऱ्याबरोबर भट्टीवर जाणार होती. आणि दुकानदार किसनला सांगत होता, "सर, जवळ आग नको, धूर तर नकोच नको. भिंतीला टेकवून ठेवा, बटणाच्या जवळ." शेडमध्ये विजेचं बटण एकच, माझ्या चुलीच्या कोपऱ्यात. म्हंजे मला माझी चूल उठवणारा निवडायला आणलं होतं! किसनच्या तोंडाकडं बघितलं तर तो हसत होता, जसं काही आईला मोठा मान दिला. रागवावं तर कशावर? लेकानं विचारलं यावर? न विचारता आणला असता तर बरं वाटलं असतं का? माझ्या डोक्यात नुसता गुंता.

सुलोचनाचं मन त्या उंच, लाल फ्रिजवर बसलं होतं. बाटल्या कशा उभ्या राहतील ते ती हातानं मोजून बघत होती. किसन वीज किती जळते ते विचारत होता. तुळशीनं आपले दोन्ही तळहात बर्फाच्या कप्प्यात घातले आणि डोळे मिटले.

"काकी, हा एक आम्हाला भट्टीवर द्या गं."

"आणि लावणार कुठं?" किसन म्हणाला. "भट्टीवर दिवा तरी आहे का?"

"लावायचा कशाला? आम्ही आत बसू."

सगळे हसले, दुकानदारपण हसला. मी मात्र फ्रिजच्या मागं गेले. माझा बा बैल घेताना नेहमी मागं जाऊन उभा राहायचा. तोंड सगळ्यांचं चांगलं असतं, जनावर मागून कळतं, असं म्हणायचा. मागं गेले आणि हात लावला, तर काय नवल! उंच लाल फ्रिजची पाठ सपाट, पत्र्याची, कोमट. पण कोपऱ्यात एक बुटका पांढरा उभा होता, त्याच्या पाठीला काळ्या तारांची जाळी, आणि त्या जाळीतून ऊब येत होती. तव्याची नाय, राखेत झाकलेल्या निखाऱ्याची यावी तशी, सावकाश, सारखी. मी तिथं हात ठेवून उभी राहिले. चूल जाणार, ते ठरलेलं. पण चुलीची ऊब त्या वस्तूनंच बरोबर आणली असेल तर? मुड्या हिच्यावर टांगल्या तर?

"आजी, फ्रिज समोरून बघतात," दुकानदार म्हणाला.

"समोरून सगळेच गार. मला हा पायजे."

"काकी, सोयरीक जमवायला आलीस का गं?" तुळशी म्हणाली. "नवरीला पण एवढं मागून बघत नाय कोणी."

"आई, तो जुना माल आहे," सुलोचना म्हणाली. "बाटल्या तरी किती राहणार त्यात?"

किसननं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग दुकानदाराला म्हणाला, "आईनं सांगितलं तो द्या." शब्द पाळला त्यानं. सुलोचना घरी येईपर्यंत तोंड फिरवून बसली, आणि मला तिचंपण खोटं वाटलं नाय.

चूल मी माझ्या हातानं उठवली. दुसऱ्या कोणी पाय लावण्याआधी तिच्यावर दूध शिंपडलं, माती ओली केली, कुदळीनं हळू फोडली. तिच्या जागी तो बुटका येऊन बसला आणि घुं घुं करायला लागला. त्याच्या पाठीमागं बांबू बांधून मी मुड्या टांगल्या. तुळशी ते बघून निर्धास्त गेली. जाताना म्हणाली, "काकी, आता तुझे डोळे तरी धुरातून सुटले."

डोळे सुटले, हे खरं. पण डोळ्यांना सवय असते. दुपारच्याला मी त्या फ्रिजजवळ बसायची आणि विचार करायची. किसननं एकदा मला समजावलं होतं की आतली ऊब हा बाहेर काढतो आणि पाठीनं टाकतो, म्हणून आत गार राहतं. म्हंजे आतल्यांना गारवा मिळावा म्हणून कोणीतरी मागं तापत राहायचं! हे मला लगेच पटलं. हे समजायला बाईमाणसाला शाळा लागत नाय. पण मग त्याची खरी बाजू कुठली, पुढची का मागची? लोक यायचे, दार उघडायचे, बाटली काढायचे, 'आहा' म्हणायचे, आणि पाठीमागं काय टांगलंय ते कोणी वाकून बघायचं नाय. मला आपलं मनात हसू यायचं. वाटायचं, ह्या जव्हारात एवढ्या हुशारीनं फ्रिजची निवड कोणी केली असेल का?

शिमगा झाला. पळस फुलून झडला. एक दिवस सकाळी शेड झाडताना फ्रिजच्या मागून एक बारीक पाखरू उडालं. भुरकट, तांदळाएवढं. मग दुसरं उडालं. माझा झाडू हातातच राहिला. मी मुड्या खाली काढल्या. वरच्या तीन बऱ्या होत्या, नुकती लागण झालेली. खालची, जाळीला अगदी टेकलेली, ती सोडली तर पाखरांचा लोटच उठला. दाणा चिमटीत घेतला, तर नुसतं टरफल. वजनच नाय त्याला. ती गाठ तुळशीची होती.

मी जमिनीवर बसले. ऊब होती, पण धूर नव्हता. धुराची आणि उबेची मी आयुष्यभर एकत्र सवय केली होती, त्यातलं दाण्याला कोण राखतं हे कधी वेगळं करून बघितलंच नव्हतं. पाखराला तर ऊबच पायजे! मी त्यांच्यासाठी दुकानात जाऊन, पाठीवर हात ठेवून, घर निवडून आणलं होतं.

सुलोचना बाटल्या भरायला आली. मला वाटलं, आता म्हणेल, सांगत होते ना. तिनं खाली बसून ते टरफल हातात घेतलं, फुंकलं, आणि विचारलं, "हे किती घरांचं आहे?"

"चार. एक गेलं."

ती उठली. बाकीच्या तीन मुड्या तिनं अंगणात सोडल्या, चाळून घेतल्या, उन्हात दिल्या, सावलीत आणल्या, पुन्हा उन्हात दिल्या. घरातल्या प्लास्टिकच्या बरण्या घासून कोरड्या केल्या. संध्याकाळी किसन आला तवा ती फ्रिजमधल्या बाटल्या बाहेर काढत होती.

"अगं, रविवार आहे उद्या," किसन म्हणाला.

"उद्या लोक कोमट पितील."

किसन बरण्यांकडं बघून म्हणाला, "हे बरोबर आहे. शेतीच्या कॉलेजात बियाणं थंड जागेतच ठेवतात."

"मग आधी का नाय सांगितलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं, बियाण्याचं तुला जास्त कळतं."

घ्या! त्याला वाटलं मला कळतं, मला वाटलं फ्रिजला कळतं. तिघांच्या मध्ये ते बी बिचारं पाखरांच्या तोंडी गेलं. घराघरांतून असंच होत असेल का? सगळे एकमेकांच्या शहाणपणावर विसंबून, आणि शहाणपण कोणाकडंच नाय?

तरी माझा जीव बरण्यांत पुरता बसेना. गारठ्यात जीव राहतो का? थंडीत म्हातारी माणसं जातात, हे मी बघितलेलं. म्हणून प्रत्येक घराच्या बियातलं थोडं थोडं काढून मी वेगळ्या पुरचुंड्या बांधल्या आणि घरामागं तीन दगड मांडून त्यांच्या धुरावर टांगल्या. सुलोचनाला दिसलं. तिनं ते तसंच राहू दिलं. चैत्रात विजेचं जाणं-येणं सुरू झालं. वीज गेली की फ्रिज गप्प व्हायचा, आतला बर्फ पाझरायचा, बरण्या बाहेरून घामेजायच्या. मग मी फडकं घेऊन एकेक बरणी पुसायची, तापातल्या लेकराचं कपाळ पुसावं तशी. एकदा ठाण्याकडचा एक पाहुणा गार बाटली असेल म्हणून दार उघडून वाकला आणि ओरडला, "आजी, हा भात कच्चाच ठेवलाय! शिजवत नाही का?" मी म्हटलं, "बाबा, ते पुढच्या सालचं जेवण हाय."

आखाती, तुमची अक्षय्य तृतीया, झाली आणि तुळशी आली. उन्हानं करपलेली, गालफडं वर आलेली, केसांत विटांची लाल धूळ. तिला पाणी दिलं, आणि आधी तेच सांगितलं. तुझी मुडी गेली. मी उबेवर ठेवली, पाखरानं खाल्ली. तिनं पाण्याचा तांब्या न पिताच खाली ठेवला. तिच्या मांडीवर तिची लहानी झोपली होती. मला त्या पोरीकडं बघवेना.

मग आम्ही ओल्या गोणपाटावर दोन ओळी मांडल्या, एक बरणीतल्या दाण्यांची, एक धुरावरच्या दाण्यांची, आणि झाकून ठेवल्या. तुळशी थांबली. दाणे फुटले तवा सुलोचनानं वरचं गोणपाट उचललं. दोन्ही ओळी फुटल्या होत्या. धुराची सकाळी, फ्रिजची त्याच दिवशी दुपारपर्यंत. एवढाच काय तो फरक.

आनंद झाला. झाला ना! पण त्याच्या पाठोपाठ असं काहीतरी वाटलं की त्याला नाव देता येत नाय. एवढी वर्षं मी धूर खाल्ला, डोळे लाल केले, पाहुण्याकडं गेले तरी चुलीच्या काळजीनं मुक्काम न करता परतले. आणि ज्याला ना हात, ना डोळे, ना जगायला गेलेल्या माणसाची ओळख, त्या पांढऱ्या पेटीनं तेच केलं! मग माझं काम होतं ते खरं कोणाचं काम होतं? मी बी राखत होते, का बी मला राखत होतं?

तुळशीला असलं काही सुचत नव्हतं. तिनं बाकीच्या तीन घरांच्या बियातून एकेक ओंजळ काढली, फ्रिजचं आणि धुराचं एकात एक कालवलं, आणि पदरात बांधलं. पाड्यात असंच करतात. एकाचं गेलं की बाकीचे ओंजळ देतात, फक्त बाकीच्यांचं राहिलेलं असावं लागतं.

"पुरेल का?" मी विचारलं.

"अर्ध्या राबाला पुरेल. पाऊस चांगला झाला तर पोरीला पुरेल." मग उठता उठता तिनं विचारलं, "दिवाळीनंतर आणू ना गं काकी?"

"माझ्याकडं? एवढं झाल्यावर?"

"मग काय भट्टीच्या शेटला देऊ ठेवायला?"

मी सुलोचनाकडं बघितलं. ती फ्रिजमध्ये बाटल्या परत लावत होती. मागं न वळता म्हणाली, "सुकवून आणा. बरणीवर ज्याची त्याची गाठ बांधा, मला नावं लक्षात राहत नाहीत."

त्यानंतर बी आमच्याकडं येत राहिलं. थोडं आत जातं, थोडं धुरावर. दोन्हींतलं बरं कुठलं, ते मला अजून सांगता येणार नाय. कधी वीज दगा देते, कधी लाकूड ओलं निघतं. मी आता फार चालत नाय. सुलोचना कुठवर करील, तिची पोरं करतील का, ते मी विचारत नाय, कारण उत्तर कोणालाच ठाऊक नसतं.

तुम्ही जे कोणी हे वाचत असाल, तुम्हाला एवढंच सांगणं. दिवाळीनंतर कोणी दारात गाठोडं घेऊन उभं राहिलं आणि म्हणालं, आम्ही जगायला जातो, हे बी ठेवा, तर नाय म्हणू नका. कुठं ठेवायचं ते तुम्ही तुमचं बघा. कोरडं ठेवा, अधूनमधून उघडून बघा, आणि ती माणसं परत आली की त्यांचं त्यांना द्या.